मंगळवार सोडून

‘गावाचं भवितव्य मैदानावर घडतं.’

हे वाक्य आमच्या तालुक्याच्या गावातल्या स्टेडियमच्या दारावर, काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. कुणाचं ते खाली दिलेलं नाही, आणि ते बरंच झालं. मंगळवारी त्या दगडावर लसणाच्या माळा टांगलेल्या असतात. मी ते पहिल्यांदा वाचलं ते मंगळवारीच. मधले दोन शब्द लसणामागे गेलेले होते. त्यामुळे बरेच दिवस माझी समजूत होती की तिथे नुसतं ‘गावाचं घडतं’ एवढंच लिहिलं आहे. तेही मला पटलं होतं.

लसूण विकणाऱ्या छबाबाईला तिथे बसायचा हक्क आहे. तो कुठे कोरलेला नाही, पण नगरपालिकेच्या ठरावात आहे. ज्यांच्यामुळे तो ठरावात आला, त्या बिऱ्हाडे मॅडमविषयी हे लिहितो आहे. कॉलेजात त्या मॅडम होत्या. बाजारात त्या अक्का होत्या. मला त्या दोन्ही म्हणून लाभल्या, आणि या गावात मी टिकलो त्याचं बरंचसं श्रेय त्यांना आहे.

मी नगरकडचा. इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायला आलो तेव्हा स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत एक ठेंगण्या, काटक बाई शेंगदाणे सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “विषय?”

“इतिहास.”

“बसा, इतिहास.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी इतिहास झालो तो झालोच. त्या सगळ्यांनाच विषयाने हाक मारत. “भूगोल, खिडकी लावा.” “मराठी आज रजेवर दिसतंय.” प्राचार्यांनी वर्गात पाऊल टाकून युगं लोटली होती, पण ते शेवटपर्यंत ‘रसायन’ राहिले. स्वतःला मात्र त्या अर्थशास्त्र म्हणवून घेत नसत. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अर्थशास्त्राला अजून खात्री नाही, आपण शास्त्र आहोत का ते.”

मला खोली त्यांनी मिळवून दिली. डबाही त्यांनीच लावून दिला. आणि पहिल्याच मंगळवारी, “चला, इतिहास, वर्तमान बघून येऊ,” म्हणून मला बाजारात घेऊन गेल्या.

आमचा आठवडे बाजार गावाच्या मधोमध एका मोठ्या मैदानावर भरतो. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया पायी, रिक्षाने, एसटीने येतात, गोणपाट टाकतात आणि बसतात. अक्कांची बाजार करायची रीत ठरलेली होती. पहिली फेरी रिकाम्या हातांनी. दुसऱ्या फेरीत पिशवी उघडायची. ज्यांनी टेबल मांडलंय त्यांच्याशी त्या घासाघीस करत, आणि ती ऐकायला लोक थांबत. गोणपाटावर बसलेलीशी मात्र कधीच नाही. सांगेल तो भाव. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “टेबल आणायला टेम्पो लागतो. टेम्पो परवडतो त्याला मी पण परवडते.”

त्यांची आई याच मैदानावर वाळलेल्या मिरच्या विकायची. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कडुलिंबाखालची एक जागा दाखवून. “पेठेत दुकानांना ओटे होते. त्या ओट्यांवर आमच्या आईला कुणी टेकू दिलं नसतं. मैदान कुणाच्याच बापाचं नव्हतं, म्हणून ती बसली. तिच्या मिरच्यांवर मी एम.ए. झाले.” मग लगेच मेथीची जुडी उचलून नाकाशी धरली आणि विषय संपवला. त्या बौद्धवाड्यातल्या पहिल्या एम.ए., हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं.

त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकडी होती. कॉलेजात असताना त्या कबड्डी खेळत, आणि कुठल्याशा पकडीत ते बोट मोडून तसंच बसलं होतं. फळ्यावर त्या मागणीची रेषा दाखवायला जात आणि बोट पुरवठ्याकडे वळे. मुलांना सवय झाली होती. बोट दाखवेल त्याच्या थोडं डावीकडे बघायचं. कॉलेजचा सामना असला की त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहत आणि ज्या आवाजात “पाय धर, पाय” ओरडत, त्या आवाजाने पाहुण्या संघाचा खेळाडू स्वतःच थांबत असे.

वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. मुद्द्यावर आल्या की अहिराणी. आणि त्यांचा मुद्दा एकच होता. कुणीही म्हणालं की अमक्या गोष्टीमुळे गावात पैसा येईल, की त्या खडू खाली ठेवत आणि विचारत, “पैसा उना कोठून, आनि गया कोठे?” आला कुठून आणि गेला कुठे.

हा प्रश्न त्यांनी मुलांच्या इतका अंगवळणी पाडला होता की एका मुलाने म्हणे आपल्या लग्नात बँडवाल्यांना बघून सासऱ्यांना तो विचारला. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या बाजारात पाठवत आणि सांगत, एक वांगं पकडा आणि त्याच्या मागे लागा. कुणी पिकवलं, कुणी आणलं, कुणी नेलं. एक मुलगी वांग्याच्या मागे थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोचली आणि जेवूनच परतली. तिला मॅडमनी सर्वांत जास्त गुण दिले. “हिने उपभोगसुद्धा पाहिला,” म्हणाल्या.

तर अशा गावात स्टेडियम यायचं ठरलं.

नगराध्यक्षांना सगळे आबा म्हणत. ते अक्कांचे विद्यार्थी. मनाने चांगला माणूस. मोठ्या शहरात जाऊन एक सामना बघून आला आणि परत आला तो तसाच राहिला नाही. कुणी उद्योजक क्रिकेटच्या एका व्यावसायिक लीगमध्ये संघ विकत घेणार होता. त्याला ‘घरचं मैदान’ हवं होतं. सरकारने आणि नगरपालिकेने मिळून स्टेडियम बांधलं तर संघ आपल्याकडे येईल, संघामागे प्रेक्षक, प्रेक्षकांमागे हॉटेलं, रिक्षा, रोजगार. नळयोजनेचं काम तेवढं जरा पुढे ढकलावं लागणार होतं. आणि बाजार बायपासवर हलवावा लागणार होता, कारण गावात एवढी मोकळी जागा दुसरी नव्हती.

ही बातमी छबाबाईने अक्कांना माझ्यासमोर सांगितली. सांगताना ती लसूण निवडत होती.

“बायपासले कोन येई वं अक्का? ट्रकवाले काय लसूण लेतीन?”

“तू जाशी का तठे?”

“मी कशी जाऊ? माले एसटी आठे सोडस.” तिने एक कुजकी कुडी बाजूला टाकली. “नही गयू तं घर बशीन. सून खूश हुई.”

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी कडुलिंबाकडे एकदा पाहिलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

त्यानंतरच्या एका मंगळवारी पुण्याहून सल्लागार कंपनीची माणसं पाहणीला आली. हातात टॅब असलेला एक गोरापान तरुण मैदानाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न विचारत होता. अक्का आणि मी नेमके तिथून आत जात होतो.

“मॅडम, या मैदानावर तुम्ही किती वेळा येता?”

“दर मंगळवारी.”

“कुणाबरोबर?”

“आज इतिहासाबरोबर.”

त्याने माझ्याकडे बघून काहीतरी टिपलं. “इथे आल्यावर साधारणपणे खर्च करता का?”

“न करता बाहेर पडता आलं तर मला शिकवा.”

“आणि तुम्हाला कोणत्या खेळात रस आहे?”

“घासाघीस.”

तरुणाने यादी खालपर्यंत बघितली आणि ‘इतर’वर बोट ठेवलं. आमच्या मागून डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया येत होत्या. तो अदबीने त्यांच्याकडे वळला.

पुढे नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांची सभा झाली. मध्यभागी टेबलावर थर्माकोलचं स्टेडियम होतं. त्यात झाडं होती, गाड्या होत्या, कारंजं होतं. मैदानाच्या कडेने वाहणारा आमचा नाला नव्हता. छोटे छोटे प्लास्टिकचे प्रेक्षक होते आणि ते सगळे गोरे होते, कारण तशीच माणसं विकत मिळतात. आबा स्वतः त्या नमुन्याजवळ उभे होते आणि मधूनच एखादं पडलेलं झाड सरळ करत होते.

सल्लागार चांगलं बोलला. गावात खेळाची भूक आहे, म्हणाला. पाहणीत असं आढळलं की या मैदानावर क्रीडाप्रेमींची आजही प्रचंड वर्दळ असते. त्यातही महिलांचा सहभाग अत्यंत उल्लेखनीय आहे. लोक दूरदूरच्या खेड्यांतून येतात आणि आले की खर्च करतात. स्टेडियम झाल्यावर हाच पैसा अनेक पटींनी वाढेल.

अक्का उठल्या. वाकडं बोट सल्लागारावर रोखलं. ते आबांकडे वळलं.

“साहेब, पाहणी कोणत्या वारी केली?”

त्याने कागद बघितला. “मंगळवारी, मॅडम. पुन्हा खात्रीसाठी पुढच्या मंगळवारीही केली. दोन्ही वेळा तेच निष्कर्ष निघाले.”

मागच्या रांगेपासून हसू पुढे येत गेलं. सल्लागाराला कळेना. शेजारच्या कारकुनाने त्याच्या कानात सांगितलं. हा तोच कारकून, ज्याने त्याला आपुलकीने सुचवलं होतं की मंगळवारी या, त्या दिवशी माणसं भेटतात. आबाही हसले. खूप हसले, डोळे पुसले, आणि हात वर करून ठराव मंजूर केला.

बाहेर पायऱ्यांवर ते अक्कांना गाठून म्हणाले, “मॅडम, तुम्ही बरोबर होतात.”

“मग हात वर का केलास, वासुदेव?”

“मॅडम, आता लोक मला आबा म्हणतात.”

“दुन्यासाठे आबा. मन्हासाठे वासुदेव शे.”

आबा थोडा वेळ चपलेने पायरी घासत राहिले. मग म्हणाले, “बाहेर गेलो की लोक विचारतात, कुठले? गावाचं नाव सांगितलं की म्हणतात, ते कुठे आलं? अमळनेरचं कॉलेज जुनं, सगळ्यांना माहीत. चोपड्याची केळी माहीत. आपल्याकडे काय आहे, मॅडम? तुम्ही सांगा. दाखवायला काय आहे?”

“मंगळवार आहे,” अक्का म्हणाल्या.

आबांना राग आला नाही. त्यांना ते विनोदासारखं वाटलं असावं. मी मात्र त्या रात्री अक्कांना पहिल्यांदा हरल्यासारखं पाहिलं. शेंगदाणे सोलत होत्या, पण खात नव्हत्या. म्हणाल्या, “सभागृहाला हसवणं सोपं असतं, इतिहास. हसून झाल्यावर ते आपलंच मत देतं.”

त्यांनी वर तक्रारी केल्या, जिल्ह्याला खेटे घातले. त्यांना खेळाच्या शत्रू म्हटलं गेलं. पत्रकबाजी झाली. कुणीतरी त्यांच्या वाकड्या बोटावरही लिहिलं. आणि हिवाळा आला.

खानदेशात हिवाळा म्हणजे भरीत. कुणाच्या तरी मळ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटतात, हिरवी-पांढरी लांबट वांगी त्यात भाजली जातात, लाकडी भांड्यात ठेचली जातात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी घेऊन सगळं गाव मांडी घालून बसतं. आमच्याकडची निम्मी राजकीय भांडणं या धुरात मिटतात. आबांनी त्या वर्षी मोठी पंगत घातली आणि अक्कांना स्वतः घरी जाऊन बोलावलं. इथला यजमान स्वतः वाढतो. पाहुण्याने पुरे म्हटलं तरी वाढतो. पाहुणा उपाशी उठला तर ती गोष्ट पुढच्या हिवाळ्यापर्यंत सांगितली जाते.

आबांनी अक्कांच्या ताटात भरीत वाढलं. अक्कांनी हात मांडीवर ठेवले आणि नुसत्या बसल्या.

“घ्या ना, मॅडम.”

“आधी मंगळवार दे.”

आबांना वाटलं चेष्टा. ते पुढच्या पानावर गेले, वाढून परत आले. ताट तसंच.

“मॅडम, गार होतंय.”

“होऊ दे.”

“मॅडम, लोक बघताहेत.”

“त्यासाठीच बसले आहे.”

आता सगळेच बघत होते. कुणी घास घेईना. आबांची म्हातारी आई दूर खाटेवर बसली होती, तिने तिथूनच विचारलं, “वासू, मास्तरीन जेवत नही का रे? मीठ कमी पडनं का?” आबांच्या कपाळावर घाम आला. त्यात पऱ्हाट्यांचा काही हात नव्हता.

ते अक्कांसमोर उकिडवे बसले. हळू बोलले, पण मी शेजारीच होतो. “स्टेडियम होणारच, मॅडम. ते आता माझ्याही हातात नाही.”

“बांध. मी माझ्या हरकती मागे घेते. पण बाजार तिथेच भरेल. मंगळवारी त्या मैदानावर बाजार सोडून दुसरं काही नाही. सामना नाही, सभा नाही, मंत्री नाही. कारण काहीही असो. आणि संडास बांधशील ते मंगळवारी बायांसाठी उघडे.”

“बरं. दिला मंगळवार.”

“तोंडी नको. ठरावात.”

“ठरावात.”

मग अक्का जेवल्या. दोनदा मागून घेतलं. उठताना आबांच्या आईला सांगितलं, “मीठ खरंच कमी होतं.”

गावातल्या काही तत्त्वनिष्ठ लोकांनी त्यांना नंतर विचारलं की तुम्ही तडजोड का केलीत. त्या म्हणाल्या, “स्टेडियम मला थांबवता आलं नसतं. छबाबाईची एसटी कुठे थांबते ते मला ठरवता आलं. माझी ऐपत तेवढी.”

स्टेडियम झालं, म्हणजे एका बाजूचं झालं. दुसऱ्या बाजूचे खांब अजून वर गज काढून उभे आहेत. उद्योजक एकदा येऊन पाहून गेला. चौकातल्या भिला अण्णाच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली, छान आहे म्हणाला, आणि त्याने संघ घेतला तो दुसऱ्याच शहराचा. स्टेडियमखाली गाळे निघाले. भिला अण्णा चौकातलं हॉटेल बंद करून तिथल्या गाळ्यात आला. पालिकेच्या पत्रकात त्याचा उल्लेख ‘नव्याने निर्माण झालेला व्यवसाय’ असा होता. अक्का मला मुद्दाम तिथे चहाला घेऊन गेल्या. तीच बाकडी, तेच कप. आधी चौकातल्या हॉटेलच्या रिकाम्या शटरकडे आणि मग भिला अण्णाकडे बघून म्हणाल्या, “बघा, इतिहास. उना कोठून, गया कोठे.” भिला अण्णाने मान डोलावली. त्याला वाटलं, त्या त्याच्या प्रगतीचं कौतुक करताहेत.

पण मंगळवार राहिला. इतकंच नव्हे, सुधारला. उन्हाळ्यात प्रेक्षकांच्या स्टँडच्या सावलीत बाया बसू लागल्या. आणि संडास. पहाटे घरून निघालेल्या बाया पूर्वी दिवसभर पाणी पीत नसत, हे एवढी वर्षं त्या बाजारात फिरूनही मला माहीत नव्हतं, अक्कांना होतं. त्या मोकळेपणाने म्हणत, “सरकारी पैशाचं गावात याहून चांगलं काम झालं नाही. फक्त संडासाभोवती स्टेडियम बांधायची गरज नव्हती.”

निवृत्तीनंतरही मंगळवार चुकला नाही. मी पाठवलेला प्रत्येक लेख त्या वाचत आणि विशेषणांखाली पेन्सिलीने रेघ ओढून परत देत. कधी काही बोलल्या नाहीत. माझी भाषा आज जेवढी सरळ आहे, तेवढी त्या पेन्सिलीमुळे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. गुडघे गेले होते, दुसरी फेरी होत नसे. पिशवी घेऊन त्या स्टँडमध्ये मधोमध, मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या लाल खुर्चीत बसल्या होत्या. खालचा बाजार एखादा सामना बघावा तसा बघत होत्या. मी हात केला. खाली टेबलवाल्या एका भाजीवाल्याशी कुणी तरुण बाई हुज्जत घालत होती आणि बहुधा हरत होती. अक्का पुढे वाकल्या, वाकडं बोट उगारलं आणि त्या जुन्या आवाजात ओरडल्या, “सोडू नको. पाय धर, पाय.” ती बाई दचकली. भाजीवाल्याने वर बघितलं, अक्कांना ओळखलं आणि भाव कमी केला.

त्या एका रविवारी गेल्या. सोमवारी सगळं झालं. आबा रडले, आणि ते रडणं खरं होतं. त्यांनी ठरवलं की शोकसभा भव्य झाली पाहिजे, स्टेडियमवर झाली पाहिजे, आणि उद्याच झाली पाहिजे, कारण मंगळवारी सगळं गाव आपोआप जमलेलं असतं. मंडप सांगितला गेला. तेव्हा मुख्याधिकाऱ्यांनी चाचरत ठराव समोर ठेवला. मंगळवारी बाजाराखेरीज कोणताही कार्यक्रम नाही. कारण काहीही असो.

आबांनी तो दोनदा वाचला. खाली त्यांचीच सही होती. कागद परत दिला. मग म्हणाले, “बुधवारी करू.”

मंगळवारी बाजार नेहमीसारखा भरला. छबाबाईने कडुलिंबाखाली लसणाची एक माळ ठेवली आणि दिवसभर ती विकली नाही. बुधवारी ती दुसऱ्या गावच्या बाजाराला गेली. सगळ्याच जणी जातात.

शोकसभेला आबा होते, आम्ही कॉलेजातले काही जण होतो आणि माईकवाला होता. आबांनी सांगितलं की आज या स्टेडियमवर सारा तालुका लोटला आहे. पहिली रांग निम्मी भरली होती. भाषणं लांबली. मध्ये आमचे प्राचार्य रसायन उठून स्टँडच्या मागे गेले आणि तसेच परत आले. संडासांना कुलूप होतं. ते फक्त मंगळवारी उघडतात.